टकलावर केस उगवण्याच्या जाहिराती छापण्याआधी जरा बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार. 'महिन्याभरात टकलावर केस' असल्या जाहिराती हल्ली सगळ्याच पेपरांत येतात त्याबद्दल लिहितोय. माझं मेडिकलचं दुकान आहे, त्यामुळे हे वाचून फसलेली पोरं शेवटी आमच्याच काउंटरवर येतात, वीस-बावीसची पोरं, मोबाईलमध्ये स्वतःच्या डोक्याचा फोटो दाखवतात आणि विचारतात काका ह्याच्यावर काय आहे का. फार वाईट वाटतं, कारण तोवर पैसे तर गेलेलेच असतात पण वर्ष-दीड वर्षही तेल चोळण्यात गेलेलं असतं, आणि ह्यात वेळ घालवणं सगळ्यात महाग पडतं.

पुरुषांचं टक्कल ठरलेल्या वाटेने पडतं. आधी कपाळाचे दोन कोपरे मागे सरकतात, मग भोवऱ्यापाशी विरळ होतं, पुढे दोन्ही जागा एकमेकींना मिळतात आणि कानामागची पट्टी तेवढी राहते. डॉक्टर लोक ह्याच्या सात पायऱ्या मानतात, हॅमिल्टन-नॉरवूड म्हणतात त्याला. डीएचटी नावाच्या हार्मोनमुळे मुळं बारीक होत जातात, प्रत्येक वेळी केस आधीपेक्षा पातळ येतो आणि शेवटी नुसती लव उरते. हे आईकडून येतं तसं वडिलांकडूनही येतं, पाणी खारं आहे किंवा हेल्मेट घालतो म्हणून होत नाही. चाई, म्हणजे गोल चट्ट्यांत केस जातात ती वेगळी, आणि डेंग्यू-टायफॉइडनंतर दोन-तीन महिन्यांनी मूठमूठ केस जातात ते तर अजून वेगळं, ते बहुतेक वेळा आपोआप परत येतात, आणि क्रेडिट मात्र तेव्हा जे तेल चालू होतं त्याला मिळतं! कांद्याच्या रसाचंही तसंच, २००२ साली त्याचा एक छोटा अभ्यास झाला होता पण तो चाई पडलेल्या लोकांवर, ह्या टकलावर नाही.

आता मिनॉक्सिडिल. मूळचं हे ब्लडप्रेशरचं औषध, गोळ्या घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढायला लागले तेव्हा डोक्याला लावायचा विचार सुरू झाला, आणि १९८८ मध्ये अमेरिकेत लावायच्या औषधाला मान्यता मिळाली. पुरुषांना साधारण ५ टक्क्यांचं देतात, एक मिली सकाळी एक मिली रात्री, कोरड्या डोक्यावर, केसांना नाही तर कातडीला, आणि नंतर हात धुवायचे. पण सुरुवातीच्या काही आठवड्यांत केस उलट जास्त गळतात, जुने केस सुटून नव्यांना जागा होते म्हणून, आणि नेमकी तिथेच पोरं घाबरून बाटली ठेवून देतात. फरक दिसायला चार ते सहा महिने लागतात, भोवऱ्यावर बरा दिसतो, कपाळाच्या कोपऱ्यांत कमी. आणि बंद केलं की काही महिन्यांत आलेले केस परत जातात, म्हणजे लावत राहायचं ही तयारी असेल तरच सुरू करावं. कुणाकुणाला खाज येते, हार्टचा त्रास असणाऱ्याने विचारल्याशिवाय लावू नये, आणि घरात मांजर असेल तर फार जपावं, तिला ते विषारी आहे.

फिनास्टराइड, म्हणजे डीएचटी कमी करणारं औषध, ते मिसळलेलं लोशन मात्र कोणी मित्राची बाटली बघून मागितलं तर मी चिठ्ठी मागतो. काही जणांना लैंगिक तक्रारी, उदासपणा असे त्रास होतात, आणि घरात गरोदर बाई असेल तर तिचा हात त्याला लागता कामा नये. २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी खात्याने, अशा लावायच्या मिश्रणांबद्दल इशारा दिलाय.

औषधांच्या १९४५ च्या नियमांत शेड्यूल जे नावाची यादी आहे, त्यातले आजार बरे करतो असा दावा औषधाला करता येत नाही आणि त्या यादीत टक्कल आहे. तेव्हा विनंती अशी की जाहिरात घेताना ही यादी समोर ठेवा, आणि आरोग्य पुरवणीत एखाद्या त्वचारोग डॉक्टरांकडून अर्धं पान तरी लिहून घ्या. माझं पत्र लांबलं असेल तर कापा, पण सुरुवातीला केस जास्त गळतात ते वाक्य तेवढं राहू द्या.

आपला,
एक मेडिकलवाला, सांगली