गाडी ओव्हरलोड नव्हती, टायर अपुरा होता

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख,
टायर उत्पादक कंपनी

दि. २ जून २०२५
रावेर, जि. जळगाव

विषय : पिकअपला १०६/१०४ ऐवजी ९६ लोड इंडेक्सचे (टायर किती वजन पेलतो ते सांगणारा क्रमांक) टायर बसवून नंतर ‘ओव्हरलोड’च्या शेऱ्यावर क्लेम नाकारल्याबाबत

महोदय,

जळगावच्या आपल्या अधिकृत विक्रेत्याने आमच्या पिकअपला मागे दोन नवे टायर बसवले. बिलावर लिहिले आहे १९५ आर १५ सी, ८ पीआर, १०६/१०४ आर. टायरच्या कडेवर मात्र १९५/८० आर १५, ९६ एस असे आहे. एकविसाव्या दिवशी डाव्या टायरच्या बाहेरच्या कडेला लिंबाएवढा फुगवटा आला. आपल्या तपासनिसाने क्लेमच्या कागदावर एकच शब्द लिहिला : ओव्हरलोड.

आता वजन बघा. आरसीवर गाडीचे रिकामे वजन १,७२० किलो आणि भरल्या गाडीची मर्यादा ३,००० किलो आहे. त्या दिवशी गाडीत केळीचे ५२ क्रेट होते, क्रेटसकट प्रत्येकी २० किलोचे, शिवाय चालक आणि हमाल. सावद्याच्या वजनकाट्याची पावती २,८९० किलोची आहे. फक्त मागची चाके काट्यावर घेतली तेव्हा १,७४० किलो भरले, म्हणजे एका टायरवर ८७० किलो. लोड इंडेक्स १०६ म्हणजे एका टायरला ९५० किलो. त्या हिशेबाने ८० किलो शिल्लक राहत होते. ९६ म्हणजे ७१० किलो. तो टायर १६० किलोने कमी पडला. ९६ हा आकडा किलोचा नसतो, तो तक्त्यातला क्रमांक असतो, हे आपल्या तपासनिसाला सांगायची वेळ यावी याचेच नवल वाटते.

गोंधळ कुठे झाला तेही दिसते. दोन्ही टायरची रुंदी १९५ मिमी, रिम १५ इंची आणि उंचीही जवळपास सारखीच, त्यामुळे टायर रिमवर बिनबोभाट बसतो. फरक आहे तो ‘सी’ या अक्षराचा. सी म्हणजे मालवाहू गाडीचा टायर. त्याची कड आणि रिमला धरून ठेवणारी तारेची बीड जास्त हवा व जास्त वजन सोसतील अशी बांधलेली असते. ८ पीआर म्हणजे आत आठ थर आहेत असे नव्हे, ती ताकदीची श्रेणी आहे. १०६ हा आकडा एकेरी चाकाचा आणि १०४ (९०० किलो) जोडचाकाचा. आमच्या गाडीला मागे दोन्ही बाजूंना एकेकच चाक आहे, त्यामुळे १०६ धरायचा.

फोनवर दोन उत्तरे मिळाली. पहिले, ‘एस हे अक्षर आरच्या पुढचे, म्हणजे टायर वरच्या दर्जाचा.’ खुणेच्या शेवटचा एस ताशी १८० आणि आर ताशी १७० किमी वेगाची मर्यादा सांगतो, वजनाशी त्याचा काही संबंध नाही. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावर केळी घेऊन १८० ने कोण जाणार? दुसरे उत्तर, ‘हवा ६५ भरायची होती.’ हे धोक्याचे आहे. सी टायर १०६ चे वजन ४५० केपीएला, म्हणजे साधारण ६५ पीएसआयला पेलतो. आपण बसवलेल्या टायरवर कमाल हवा ३०० केपीए, म्हणजे ४४ पीएसआय, अशी छापलेली आहे. त्यापुढे हवा कोंबली तर टायर कडक होतो, त्याची ७१० किलोची मर्यादा वाढत नाही.

टायर उतरवल्यावर आत हात फिरवला तर बोटांना काळा भुगा लागला आणि कडेला आतून गोल वळ उठलेला दिसला. वजनाने कड प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते, तापते, आतला थर घासून त्याचा भुगा होतो, दोरे तुटतात आणि तिथे फुगवटा येतो. मे महिन्यातल्या जळगावच्या तापल्या डांबरावर ही प्रक्रिया आणखी लवकर होते. उजव्या टायरला अजून फुगवटा नाही, पण भुगा त्यातही आहे. तो दुरुस्तीने वाचणारा नाही.

आणखी एक. उजव्या टायरच्या कडेवरच्या उत्पादन कोडचे शेवटचे चार आकडे ३८२२ आहेत, म्हणजे २०२२ च्या ३८ व्या आठवड्यातले उत्पादन. डाव्याचे १०२४, म्हणजे २०२४ च्या १० व्या आठवड्यातले. नवी जोडी म्हणून पैसे घेताना हे सांगायला हवे होते.

आमची मागणी अशी : बिलात लिहिलेल्या साईजचे आणि १०६/१०४ लोड इंडेक्सचे, एकाच वर्षाचे दोन टायर बॅलन्सिंगसह विनामूल्य बसवून द्यावेत, आणि क्लेमवरचा ओव्हरलोडचा शेरा लेखी मागे घ्यावा. हा शेरा राहिला तर उद्या विम्याच्या वेळी तो आमच्याच अंगावर येईल. याच विक्रेत्याने हीच अदलाबदल आणखी किती पिकअपना केली ते त्याच्या बिलांवरून तपासावे. तालुक्यात केळीच्या गाड्या कमी नाहीत.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास जळगाव जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करू. दोन्ही टायर आमच्या ताब्यात आहेत. तपासायचे असतील तर माणूस इथे पाठवावा, आम्ही ते कंपनीकडे पाठवणार नाही.

सोबत : बिल, आरसी आणि काट्याच्या दोन्ही पावत्यांच्या प्रती, कडेवरच्या खुणांचे व आतल्या भुग्याचे फोटो.

आपला,
पिकअपमालक, ता. रावेर