तलावाच्या गेटवर आजचा क्लोरीनचा आकडा लिहा

संपादक महाशय,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळी बॅचचे फॉर्म सुटले की स्विमिंग टँकवर पालकांची झुंबड उडते, फी किती, टायमिंग काय, कोच कोण सगळं विचारलं जातं, पण आज पाण्यात क्लोरीन किती आहे हे कुणीच विचारत नाही आणि विचारलं तर सांगणारं कुणी नसतं. मी आरोग्य सेवक म्हणून नोकरी केली, गावातल्या विहिरीच्या आणि टाकीच्या पाण्याची ओटी टेस्ट करणं, म्हणजे ऑर्थोटोलिडीनचं औषध टाकून पाण्यात क्लोरीन आहे का ते बघणं, हे रोजचं काम होतं. ट्यूबमध्ये पाणी घ्यायचं, ओटीचे थेंब टाकायचे, पिवळा रंग आला नाही तर टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकून घ्यायची आणि वहीत नोंद करायची. ग्रामपंचायतीला जे जमतं ते शहरातल्या एवढ्या मोठ्या तलावाला का जमू नये?

नातीला सोडायला जातो त्या तलावावर मी रजिस्टर बघायला मागितलं. बरीच टाळाटाळ झाल्यावर हातात आलं तर रोज सकाळ-संध्याकाळ क्लोरीन 2.0, पीएच (पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा) 7.4, एकच पेन, एकच अक्षर, आणि उद्याच्या तारखेपुढेसुद्धा आकडे लिहून तयार! त्या दिवशी पाणी इतकं गढूळ होतं की खोल बाजूचा तळ दिसत नव्हता. तळ दिसत नसेल तर काठावर बसलेल्या जीवरक्षकाला बुडालेलं पोर दिसणार कसं? खरं तर एवढ्या एका कारणावरून बॅच बंद करायला पाहिजे.

तलावाच्या पाण्यात मोकळा क्लोरीन, म्हणजे जंतू मारायला शिल्लक असलेला, साधारण 1 ते 3 पीपीएम (लिटरमागे तेवढे मिलिग्रॅम) आणि पीएच 7.2 ते 7.8 असायला हवा. दोन्ही लागतात, कारण पीएच 8 च्या वर गेला की तेवढाच क्लोरीन असूनही त्याची जंतू मारायची ताकद खूप कमी होते. आणि विहिरीची ओटी टेस्ट इथे पुरत नाही, कारण घाम, लघवी यांच्याशी संयोग होऊन निकामी झालेल्या क्लोरीननेसुद्धा ओटीला पिवळा रंग येतो. तलावाला डीपीडी नावाच्या दुसऱ्या औषधाची टेस्ट पाहिजे, तिचा रंग गुलाबी येतो आणि मोकळा क्लोरीन वेगळा कळतो. लोकांना वाटतं उग्र वास येतोय म्हणजे औषध भरपूर टाकलंय, पण तो वास आणि डोळ्यांची आग बहुतेक वेळा त्या निकामी क्लोरीनची म्हणजे क्लोरामाइनची असते, म्हणजे पाणी घाण झाल्याची खूण. तसंच मोरचूद टाकून पाणी निळंशार दिसतं, शेवाळ मरतं, पण रोगजंतूंसाठी त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही.

केरळात 2024 आणि 2025 मध्ये अमिबामुळे होणाऱ्या मेंदूज्वराच्या केसेस झाल्या त्या आपण पेपरात वाचल्या. कोमट, साचलेलं, क्लोरीन नसलेलं पाणी नाकात गेलं की हा अमिबा मेंदूपर्यंत जाऊ शकतो, नीट क्लोरीन असलेल्या पाण्यात तो टिकत नाही. आणि उलट बाजूही आहे, ऑक्टोबर 2023 मध्ये पिंपरी-चिंचवडला कासारवाडीच्या तलावावर क्लोरीन गॅसची गळती झाली आणि पोहायला आलेल्या लोकांना हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं. म्हणजे औषध टाकणारा माणूस शिकलेला पाहिजे, क्लोरीन आणि ॲसिड शेजारी-शेजारी ठेवू नये एवढं तरी त्याला कुणीतरी सांगितलेलं पाहिजे, नुसता ठेकेदाराचा हेल्पर चालणार नाही.

रिसॉर्ट, जिम, भाड्याचे फार्महाऊस इथले जाकुझी आणि स्पा तर कुणाच्या नजरेतच नाहीत. पाणी थोडं, गरम, त्यात एकदम चार-पाच माणसं, त्यामुळे क्लोरीन भराभर उडून जातो, म्हणून तिथे निदान 3 पीपीएम लागतो आणि पाणी 40 अंशांच्या वर तापवायचं नाही. बुडबुड्यांबरोबर उडणारे बारीक तुषार श्वासात जातात आणि पाण्यात लेजिओनेला नावाचे जंतू असतील तर न्यूमोनिया होतो, वयस्कर माणसाला तो झेपत नाही. तळाच्या ड्रेनची जाळी तुटलेली असेल तर कुणालाच पाण्यात उतरू देऊ नका, ओढ जोरात असते, मुलींचे केस अडकतात.

पालकांनाही हात जोडून सांगतो, मुलांना साबण लावून आंघोळ करूनच पाण्यात सोडा. जुलाब झाले असतील तर थांबल्यावरसुद्धा दोन आठवडे पाठवू नका, क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा जंतू नीट क्लोरीन असलेल्या पाण्यातही आठवडाभर जिवंत राहतो, एका पोरामुळे अख्खी बॅच आजारी पडू शकते.

महापालिकेकडे मागणी एवढीच आहे. प्रत्येक तलावाच्या गेटवर फळा लावा, बॅच सुरू व्हायच्या आधी क्लोरीन, पीएच आणि टेस्टची वेळ त्यावर खडूने लिहा, आणि टेस्ट पालकांसमोर करा, दोन मिनिटांचं काम आहे. स्पा आणि जाकुझी चालवणाऱ्यांनाही हेच बंधन घाला. फळा कोरा असेल त्या दिवशी बॅच रद्द करा आणि त्या दिवसाची फी पुढच्या महिन्यात वळती करून द्या.

आपला,
एक निवृत्त आरोग्य सेवक, पुणे जिल्हा