आधी लाकडी जमीन आणि फिडलवाला, मग रंगमंच

मा. गेलिक व्यवहार मंत्री,
नोव्हा स्कोशिया शासन, हॅलिफॅक्स

सप्रेम नमस्कार.

केप ब्रेटन बेटावरच्या स्टेप डान्ससाठी, म्हणजे पावलांच्या आवाजाने ठेका धरणाऱ्या नाचासाठी, अनुदान देताना पोशाख आणि रंगमंच यांच्याआधी नाचायच्या लाकडी जमिनीचा आणि फिडलवादकाच्या (फिडल म्हणजे व्हायोलिन) मानधनाचा खर्च मंजूर करावा, ही कळकळीची विनंती.

1773 मध्ये स्कॉटिश स्थलांतरितांचे ‘हेक्टर’ जहाज नोव्हा स्कोशियातल्या पिक्टूला लागले. पुढे स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातून गेलिक ही तिथली जुनी भाषा बोलणारी कुटुंबे येत राहिली. केप ब्रेटनला त्यांचा मोठा ओघ एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आला. हा नाच त्यांनी घराघरांतल्या बैठकींत जपला. वाद्य नसले, तर गेलिक बोल ठेक्यात म्हणून त्यावर नाचत.

पाऊल जमिनीलगत राहते, हात सैल, खांदे स्थिर. शफल म्हणजे चवडा एकदा पुढे, एकदा मागे घासायचा. दोन स्वच्छ आवाज आले पाहिजेत. गुडघा वर गेला की दुसरा आवाज उशिरा पडतो. रंगमंचीय कार्यक्रम पाहून आलेली मुले नेमकी इथेच चुकतात.

खाली काँक्रीट आणि वर व्हायनल असेल, तर तो आवाजच मरतो. ऐकू येत नाही म्हणून मूल पाय आपटते, आपटताना टाच आधी पडते, नडग्या भरून येतात आणि नाचातली नजाकत संपते. सभागृहात आडव्या वाशांवर कठीण लाकडाच्या फळ्या हव्यात, खाली पोकळी हवी. तेवढा पैसा नसेल, तर 4 बाय 8 फुटांचे 18 मि.मी. जाडीचे प्लायवूड लाकडी चौकटीवर ठोकावे. एका नाचणाऱ्याला ते पुरते. नुसते काँक्रीटवर टाकले तर काही उपयोग नाही. त्यावर मेणही लावू नये, बुटाचा चामडी तळवा घसरतो.

फिडलचे तसेच. एकल नाच स्ट्रॅथस्पे या संथ, ठसकेबाज चालीने सुरू होतो आणि वादक न थांबता रील या जलद चालीत शिरतो. समोर बसलेला वादक पाय पाहून लय धरतो, शिकणाऱ्यासाठी ती जराशी खाली आणतो. ध्वनिमुद्रणाला पाय दिसत नाहीत. रील सुरू झाली की मूल पाऊल अर्धवट सोडून लयीमागे धावते. उजव्या पायाने केलेले डाव्याने करायचे असते, तेच हमखास सुटते.

इन्व्हरनेस परगण्यातल्या स्क्वेअर सेटमध्ये, म्हणजे जोड्यांनी मिळून करायच्या सामूहिक नाचात, पहिले दोन भाग जिग या उडत्या चालीचे, तिसरा रीलचा. त्या रीलमध्ये मोठ्यांच्या शेजारी मुलांचेही पाय चालतात. वेस्ट माबूसारख्या गावांतल्या नाचाच्या रात्री म्हणूनच महत्त्वाच्या आहेत. 1990 च्या दशकात हा नाच केप ब्रेटनहून स्कॉटलंडमधल्या स्काय बेटावरच्या साउल मोर ओस्टिग या गेलिक महाविद्यालयात शिकवायला गेला, तोही अशाच गावांच्या जोरावर.

तेव्हा अनुदानाच्या अर्जात दोन प्रश्न घालावेत: जमीन कशाची आहे? वर्गाला फिडल कोण वाजवणार?

आपले नम्र,
स्टेप डान्सचे शिक्षक आणि विद्यार्थी