परराज्यातल्या पाहुण्याने जामीनदार कुठून आणायचा?

संपादक महोदय,

लग्नसराईत मुंबई-पुण्याहून गाडी घेऊन बडोद्याला आलेला पाहुणा कपुराई चौकडीवर (चौकात) पिऊन गाडी चालवताना सापडला, की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला: दंड किती? मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ चा गुन्हा तडजोडीने मिटत नाही, त्यामुळे जागेवर पैसे भरून सुटायची सोयच नाही. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल निघालं तर पहिल्या खेपेला १०,००० रुपये दंड, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि तेही कोर्टातच.

त्यावर आपल्याकडे दारूबंदीचं कलम वेगळं. मूळ कायदा १९४९ चा, जुन्या मुंबई राज्याचा, म्हणजे महाराष्ट्र-गुजरात दोन्हीकडचा एकच; तिकडे महाराष्ट्रात तो सैल झाला, इकडे नाही. गुजरातचं तात्पुरतं परमिट काढलं असेल आणि त्याच्या अटी पाळल्या असतील तर दारूबंदीच्या कलमापुरता बचाव होतो. १८५ ला ते उपयोगी नाही. महाराष्ट्रातल्या परमिटला तर इथे कुणी विचारत नाही. डिकीत बाटल्या निघाल्या तर दारूबंदी कायद्याचं कलम ६५ लागतं, त्याला १० वर्षांपर्यंत कैद आहे.

अटकेची वेळ लगेच टिपून ठेवावी. १८५ खाली अटक झाल्यापासून २ तासांत डॉक्टरी तपासणी झाली नाही, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम २०२ प्रमाणे कोठडीतून सोडावं लागतं. खटला तरीही उभा राहतो, आणि दारूबंदीच्या कलमाखालची अटक याने सुटत नाही. 'फुंकूच नकोस, रक्त देऊच नकोस' असं फोनवरून सांगणारा मामेभाऊ प्रत्येकाला असतो. त्याचं ऐकू नये: सबळ कारण नसेल तर हा नकार कलम २०५ प्रमाणे आपल्याच विरुद्ध धरला जातो. रक्त घेताना मात्र लक्ष हवं. दारूबंदीच्या १९५९ च्या नियमांनुसार सुईची जागा निर्जंतुक पाण्याने पुसायची, स्पिरिट जवळही आणायचं नाही. रक्त किमान ५ सीसी, कुपीत ते गोठू नये आणि टिकावं म्हणून रसायनं, वर सील. रात्रपाळीच्या घाईत सवयीने स्पिरिटचा बोळा पुढे येतो. तिथल्या तिथे बोलून दाखवावं आणि वकिलालाही सांगावं.

एवढं होऊनही बाहेरचा माणूस अडतो तो जामिनाशी. १८५ चा गुन्हा जामीनपात्र आहे, जामीन मागणं हा हक्क आहे. पण 'लोकल जामीनदार आणा' म्हटलं की पुणेकराने रात्री २ वाजता इथलं वेराबिल (घरपट्टीचं बिल) असलेला माणूस कुठून उभा करायचा? मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश राज्य (१९७८) हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल इथेच कामाला येतो. एका गवंड्याला १०,००० रुपयांचा जामीनदार मागितला आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यातली म्हणून तो नाकारला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी हे चूक ठरवून त्याला १,००० रुपयांच्या जातमुचलक्यावर (जामीनदाराविना, स्वतःच्याच लेखी हमीवर) सोडलं. तेव्हा वकिलामार्फत आधी जातमुचलकाच मागावा. मुचलक्याऐवजी रोख रक्कम भरू द्यावी असा अर्जही करता येतो, आणि आमच्या मते घाईतल्या परगावच्या माणसाला हीच वाट सोपी. यजमानच जामीन राहणार असेल तर त्याने आधार, वेराबिल आणि फोटो बरोबर न्यावेत. वकील नसेल तर विधी सेवेचा क्रमांक १५१००.

लायसन्स घेतलं तर पावती मागावी, ते निलंबनासाठी आरटीओकडे जातं. 'कबूल करून दंड भरू आणि मोकळे होऊ' हा विचार परतीच्या घाईत सगळ्यांनाच सुचतो, पण कबुलीने दोषसिद्धी नोंदली जाते आणि पुढच्या खेपेला १५,००० रुपये दंड, २ वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. खटला लढवायचा तर वकीलपत्राबरोबरच हजेरीतून सूट मागणारा अर्ज द्यावा. नुसतं घरी निघून गेलं तर मागून वॉरंट येतं.

गाडी जप्त झाली असेल तर ती सोडवायचा अर्ज दिवाळीपुऱ्याच्या कोर्टात आरसी आणि विमा जोडून करावा लागतो. ती वडिलांच्या नावावर असेल तर अर्ज वडिलांचा किंवा त्यांच्या अधिकारपत्रावर.

एक वकील वाचक,
दांडिया बाजार, बडोदा