मिरग लागायच्या आत पुस्तकं माडीवर न्यायची आहेत : चिपळूणकरांना आवाहन

सर्व वाचक, हितचिंतक आणि पोटापाण्यासाठी चिपळूणबाहेर राहणाऱ्या आपल्या माणसांना सप्रेम नमस्कार.

आपलं जुन्या पुस्तकांचं वाचनालय तळमजल्यावरून माडीवर हलवायचं ठरलं आहे. जागामालकांनी इतकी वर्षं एक रुपया भाडं न घेता खालची खोली दिली. आता त्यांनीच बोलावून सांगितलं, "वरची खोली घ्या, पुस्तकं परत पाण्यात जायला नकोत." बाजारपेठेत जागेचा भाव काय आहे ते सर्वांना ठाऊक आहे. या कुटुंबाचे आभार कितीही मानले तरी कमीच.

नव्या मंडळींसाठी थोडं मागचं सांगतो. 26 जुलै 2005 च्या पुरानंतर एका टेबलावर हे काम सुरू झालं. ज्यांची पुस्तकं वाचली त्यांनी ज्यांची वाहून गेली त्यांना वाचायला द्यायची, एवढाच तेव्हा विचार होता. पहिला गठ्ठा गुरुजींनी सायकलच्या कॅरिअरला बांधून आणला. त्यांच्या प्रत्येक पुस्तकाच्या समासात बारीक पेन्सिलीने शेरे आहेत. कुठे 'पटत नाही', कुठे 'मुलांना वाचून दाखवणे', एका पानावर नुसतंच 'आज फार पाऊस'. गुरुजी गेले, पण त्यांचे शेरे वाचायला म्हणून पुस्तक नेणारे वाचक आजही आहेत.

मग रेल्वेतले काका. नोकरी मुंबईत, आणि सुट्टीला येताना फाउंटनच्या फुटपाथवरून घेतलेल्या पुस्तकांच्या दोन पिशव्या कोकण रेल्वेने आणायचे. रहस्यकथा, शिकारकथा, प्रवासवर्णनं, शिवणकाम, रेडिओ दुरुस्ती, जे हाताला लागेल ते. मॉस्कोत छापलेली, मराठीत भाषांतर केलेली सोव्हिएत काळातली मुलांची पुस्तकंही त्यांनीच आणली. त्यांतली चित्रं बघत आपल्याकडची किती मुलं फरशीवर पालथी पडून वाचायला शिकली! पागेवरच्या मावशींनी आपल्या आईची पाककृतींची पुस्तकं दिली. त्यांतल्या एकात हळदीचे डाग पडलेली चिठ्ठी सापडली, सांदणांचं प्रमाण लिहिलेली. मावशी म्हणाल्या, राहू दे आतच. ती अजून तिथेच आहे. जानेवारी 2013 मध्ये साहित्य संमेलन आपल्या गावात भरलं, तेव्हा डॉक्टरांनी ग्रंथप्रदर्शनातून पिशवीभर चरित्रं घेतली आणि वाचून होईल तशी एकेक करून आपल्याकडे जमा केली. अशी ही पुस्तकं एकमेकांना शोभणारी नाहीत, पण एका फळीवर नांदतात, आणि म्हणूनच इथे येणाऱ्याला आपण काय शोधत होतो ते पुस्तक हातात आल्यावर कळतं.

22 जुलै 2021 बद्दल काय लिहावं? पहाटे वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं आणि बघता बघता पुरुषभराच्या वर गेलं. लोटिस्मासारख्या, म्हणजे लोकमान्य टिळक स्मारक या आपल्या गावातल्या दीडशेहून अधिक वर्षांच्या वाचन मंदिराला जिथे दोन्ही पुरांनी सोडलं नाही, तिथे आपली खोली कशी राहणार? पाणी ओसरल्यावर कपाटाचं दार उघडेना, कारण पुस्तकं फुगून आत घट्ट बसली होती. गुळगुळीत कागदाची पुस्तकं तर विटेसारखी झाली, पान पानाला चिकटलेलं. उरलेली आपल्या मुलींनी नायलॉनच्या दोरीवर वाळत घातली, उन्हात नाही, सावलीत पंखा लावून. पाच-सहा पानांआड कोरा कागद घालायचा, ओला झाला की बदलायचा, असं पंधरा दिवस चाललं. स्वतःच्या घरातला गाळ तसाच ठेवून त्या येत होत्या. गुरुजींच्या पुस्तकांची एक पेटी वरच्या फळीवर होती, ती तेवढी कोरडी राहिली.

आता जे लिहितो ते लिहू की नको असं दोन दिवस मनात होतं. गेल्या वर्षी पुस्तकांसाठी आवाहन केलं, चिंचनाक्यावर कागद लावले, घरोघरी निरोप दिले. आले तिघे. त्याच आठवड्यात रद्दीच्या दुकानात आपल्याच आळीतून आलेली दोन पोती पुस्तकं दिसली. किलोच्या भावाने परत विकत घेतली. घरी येऊन उघडली तर त्यांत चार पुस्तकांवर आपल्या वाचनालयाचा शिक्का. कुणाचं नाव घेणार नाही. जुन्या घरांची आवराआवर असते, मुलं परगावी असतात, वेळ नसतो, सगळं समजतं. पण पोतं बांधण्याआधी एक फोन केला असता तर आम्ही येऊन घेऊन गेलो असतो, हे वाटल्याशिवाय राहत नाही.

तेव्हा यंदा तरी, घर पाडायचं असेल, रंग काढायचा असेल, कपाट विकायचं असेल, तर आधी आम्हाला कळवा. कथा-कादंबरी, इतिहास, आरोग्य, जुने दिवाळी अंक, सगळं चालेल. आंबा, काजू, नारळ यांवरच्या दापोली कृषी विद्यापीठाच्या पुस्तिका तर जरूर द्या, खेर्डीकडचे बागायतदार त्या सतत मागतात. पुठ्ठा निघालेला चालेल, बांधणी आपण करून घेऊ. बुरशी धरलेलं किंवा वाळवी लागलेलं मात्र नको, एकामुळे अख्खी फळी जाते. शालेय पाठ्यपुस्तकं आणि गाइडंही नकोत.

आपलं वाचनालय 1967 च्या ग्रंथालय कायद्याखाली नोंदलेलं नाही, त्यामुळे सरकारी अनुदान मिळत नाही. जे होतं ते तुमच्या वर्गणीतून. माडीवर पाच लोखंडी रॅक, खिडकीला जाळी, बांधणीचा खर्च आणि पावसाळ्यात दमट हवेसाठी एक एक्झॉस्ट पंखा एवढं लागणार आहे. एका रॅकचा खर्च कुणी कुटुंबाने उचलला तर त्यावर घरातल्या वडीलधाऱ्यांचं नाव घालू.

हलवाहलव मे महिन्यातल्या शेवटच्या दोन रविवारी, सकाळी आठ ते बारा. जिना अरुंद, साखळी करून गठ्ठे द्यायचे, तरुणांनी यावं, ज्येष्ठांनी खाली बसून दाखल नोंदवहीशी पुस्तकं ताडून पाहावीत. चहा-पोह्यांची सोय आहे. पुस्तकं रोज संध्याकाळी पाच ते सात खोलीवर घेतो, जास्त असतील तर टेम्पो पाठवू. रोख देणगीची पावती लगेच, ऑनलाइनसाठी क्यूआर कोड दारावर आहे, पैसे पाठवल्यावर नाव जरूर कळवा, नाहीतर पावती फाडता येत नाही. ज्यांच्याकडे आपली पुस्तकं राहिली आहेत त्यांनी ती आणून द्यावीत, दंड घेणार नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला,
चिटणीस

ता. क. गुरुजींची पेटी पहिल्या रविवारी सर्वांत आधी वर न्यायची आहे. त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांना तिला हात लावायचा असेल त्यांनी आठाच्या आत यावं.