ओल्या तुळयांवर छत झाकण्याचे काम थांबवण्याबाबत तक्रार

प्रति,
मा. प्रकल्प व्यवस्थापक, लाकडी बांधकाम विभाग

महोदय,

फुलेवाडी, कोल्हापूर येथील माझ्या लाकडी सांगाड्याच्या घराचे काम आपल्या कंपनीकडे आहे. मृगापूर्वी कौले चढतील असे आपण लेखी कळवले होते. प्रत्यक्षात निम्मा जुलै उलटला आणि तोवर माळ्याच्या सागवानी तुळया निळ्या प्लॅस्टिकमध्ये करकचून गुंडाळून मातीवरच टेकवलेल्या होत्या. उशिराबद्दल मी फारसे बोलणार नाही, इथला पाऊस मलाही ठाऊक आहे.

प्लॅस्टिक सोडले तेव्हा त्याच्या आतून पाणी ओघळत होते. तुळया जमिनीपासून उचलून, मध्ये पट्ट्या घालून, वर सैल ताडपत्री बांधली असती तर वारा खेळला असता आणि जमिनीची ओल आत कोंडली नसती. तुळईचे कापलेले तोंड तिच्या बाजूंपेक्षा कितीतरी वेगाने पाणी पिते, तरीही त्यावर मेणाचा वा रंगाचा एक हातही दिलेला नव्हता.

४ ऑगस्टला आपल्या पर्यवेक्षकांनी तुळईच्या मधोमध ओलावा मोजणारा मीटर टोचून १६ टक्के दाखवले आणि ‘ओलावा समाधानकारक’ असे लिहिले; करारातली मर्यादा १५ आहे, हा भाग वेगळाच. त्याच मीटरने भिंतीत जाणाऱ्या टोकापासून वीतभर अंतरावर मी मोजायला लावले, तर २७ आले. ही नोंद अहवालात नाही. सुताराने तिथला खिळा उपसला तेव्हा भोवती काळा डाग पसरलेला होता आणि भोकातून कुबट वास आला. यावर पर्यवेक्षकांचे उत्तर असे, की पॉलिश मारल्यावर काही दिसणार नाही. दिसणार नाही, हीच माझी भीती आहे, कारण लाकडातील ओल २० टक्क्यांच्या वर टिकून राहिली की कुजवणाऱ्या बुरशीला वाव मिळतो आणि बंद छतात ती लवकर उतरत नाही. आमच्या शुक्रवार पेठेतील जुन्या घरात तुळयांच्या टोकांभोवती मोकळी फट ठेवलेली होती. येथे ती सिमेंटने बुजवली आहे.

तरी टोकांभोवतीचे सिमेंट काढून, प्रत्येक तुळईची दोन्ही टोके व मध्य माझ्यासमोर मोजून, सर्व आकडे १५ च्या आत येईपर्यंत छताचे प्लायवूड लावू नये. हीटर लावून घाईने सुकवू नये, लाकडाला तडे जातात. दसऱ्याचा गृहप्रवेश पुढे गेला तरी चालेल. सोमवारी येणारे प्लायवूडचे कामगार कृपया पाठवू नयेत. सात दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मला जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे लागेल.

सोबत: मीटरच्या आकड्यांची व खिळ्याच्या डागाची छायाचित्रे.

आपला,
घरमालक
फुलेवाडी, कोल्हापूर