अर्धायुष्य संपले म्हणजे तणनाशक संपले असे नाही

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या शेतीविषयक पानावर तणनाशकांची जी माहिती येते, तीत बहुधा प्रत्येक औषधापुढे दिवसांचा एकच आकडा दिलेला असतो. तेवढे दिवस लोटले की जमीन मोकळी झाली, असे वाचणारा धरून चालतो. मीही अनेक वर्षे तसेच धरून चाललो होतो आणि त्यापायी एकदा काकडीचे पीक हातचे घालवून बसलो, म्हणून हे लिहीत आहे.

तो आकडा अर्धायुष्याचा असतो. ॲट्राझिनचे जमिनीतील अर्धायुष्य सर्वसाधारणपणे ६० दिवस मानतात. याचा अर्थ असा की ६० व्या दिवशी निम्मे औषध अजून जमिनीतच असते, १२० व्या दिवशी पाव हिस्सा उरतो आणि २४० व्या दिवशीही सुमारे ६ टक्के शिल्लक राहते. प्रत्यक्षात शेवटचा हिस्सा या हिशेबापेक्षाही सावकाश जातो, कारण काळ लोटेल तसे औषधाचे रेणू मातीच्या बारीक छिद्रांत खोलवर शिरतात आणि तिथे जिवाणूंना पोचता येत नाही. हेक्टरी किलोभर लागणाऱ्या औषधाचे उरलेले ६ टक्के एखादे पीक सहज सोसेल. पण मेटसल्फ्युरॉन मिथाइलची गव्हावरची मात्राच हेक्टरी ४ ग्रॅमच्या आसपास असते, म्हणजे ते मुळात कणभर मात्रेतच काम करणारे औषध आहे आणि त्याचा थोडासा अंशही नाजूक पिकाच्या मुळांना पुरतो.

शिवाय हे ६० दिवस कोणत्या जमिनीतले, हा प्रश्न उरतोच. ॲट्राझिन, तसेच मेटसल्फ्युरॉनच्या गटातील बरीच औषधे आम्लधर्मी जमिनीत पाण्याशी रासायनिक अभिक्रिया होऊन लवकर मोडतात. सामू (पीएच) ७ च्या वर गेला, म्हणजे जमीन अल्कधर्मी असली, की ही अभिक्रिया मंदावते आणि सारा भार जिवाणूंवर येतो. त्यामुळे चुनखडीच्या जमिनीत मेटसल्फ्युरॉनच्याच गटातील क्लोरसल्फ्युरॉन एका हंगामात फवारले, तर त्याचा परिणाम वर्ष उलटल्यावरही दिसू शकतो. सोयाबीनवर वापरल्या जाणाऱ्या इमाझेथापायरचे मात्र याच्या अगदी उलट आहे. आम्लधर्मी जमिनीत ते मातीच्या कणांना जास्त घट्ट चिकटते, जिवाणूंच्या वाट्याला कमी येते आणि म्हणून तिथेच जास्त काळ टिकते. तेव्हा एकाच शेतकऱ्याच्या दोन तुकड्यांत, एकाच दिवशी फवारलेल्या दोन औषधांपैकी कोणते आधी जाईल, हे मातीचा सामू पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. नुसता दिवसांचा आकडा छापताना नेमकी हीच गोष्ट गळते आणि मला तरी तीच सर्वांत महत्त्वाची वाटते.

विघटनाचे बरेचसे काम जिवाणू करतात. त्यांना ओल लागते, ऊब लागते आणि सेंद्रिय कर्ब लागतो. जमीन कोरडी पडली की ते काम जवळपास थांबते, म्हणून पाऊस कमी झालेल्या वर्षी गेल्या हंगामातले औषध पुढच्या पेरणीपर्यंत येऊन पोचते. याउलट ज्या शेतात ॲट्राझिन वर्षानुवर्षे वापरले आहे, तिथे ते खाणारे जिवाणू वाढतात आणि तिथले अर्धायुष्य काही दिवसांवर येऊ शकते. मग तण लवकर उगवते आणि औषध भेसळीचे निघाले अशी तक्रार होते. त्या तक्रारीत दर वेळी तथ्य असतेच असे नाही.

दिसेनासे झालेले औषध मोडलेच असेल, असेही नाही. पॅराक्वाट चिकणमातीच्या थरांत इतके घट्ट अडकते की पिकाला त्याची बाधा होत नाही, पण ते वर्षानुवर्षे तिथेच असते. ग्लायफोसेट मोडून ॲम्पा नावाचा पदार्थ तयार होतो आणि तो मूळ औषधापेक्षा जास्त काळ टिकतो. ॲट्राझिन खाली पाझरते. जर्मनीने १९९१ साली त्यावर बंदी घातली, तरी पुढे कित्येक वर्षे तिथल्या भूजलात ते आणि त्याचे मोडलेले अंश सापडत राहिले.

हे सारे प्रयोगशाळेत तपासून घेणे प्रत्येकाला शक्य नाही, पण कुंडीतली चाचणी कोणालाही जमते. शेतातील चार-पाच ठिकाणची वरची १५ सेंटिमीटर माती एकत्र करून एका कुंडीत भरावी, दुसरीत कधीही फवारणी न झालेली तशीच माती भरावी, आणि दोन्हींत जे पीक घ्यायचे आहे त्याचे बी टाकावे. मी ही चाचणी पहिल्यांदा घेतली, तेव्हा आठव्या दिवशी दोन्ही कुंड्यांत काकडी सारखीच तरारून उगवलेली दिसली आणि मी निर्धास्तपणे पेरणी उरकली. चूक तिथेच झाली. ॲट्राझिन उगवण रोखत नाही, ते पानांतील अन्न तयार होण्याची क्रिया बंद पाडते. बियांतील शिदोरी संपेपर्यंत रोप छान दिसते, त्यानंतर खालच्या पानांच्या कडा पिवळ्या पडून वाळू लागतात. माझ्या शेतात हे दोन आठवड्यांनी दिसले, तेव्हा उशीर झाला होता. म्हणून कुंडी किमान तीन आठवडे ठेवावी. इमाझेथापायर किंवा मेटसल्फ्युरॉनचा संशय असेल तर रोप अलगद उपटून मुळे धुऊन पाहावीत. बाधा झाली असेल तर शेंडा थांबलेला असतो आणि बाजूची मुळे आखूड व खुंटलेली दिसतात.

माझी विनंती एवढीच आहे की यापुढे तणनाशकाचे अर्धायुष्य छापताना ते कोणत्या सामूच्या आणि किती ओलीच्या जमिनीतले आहे, हे त्याच ओळीत द्यावे, आणि फेरपालटात पुढे कोणती पिके त्या औषधाला नाजूक आहेत त्यांची नावेही शेजारी द्यावीत. पेरणीच्या महिनाभर आधी हे छापून आले, तर कुंडीतील चाचणीला पुरेसा वेळ मिळेल.

आपला नम्र,
एक शेतकरी वाचक